अजून एक डाव

२८ डिसेंबर २०११, पहाटेचे पाच. मी तेव्हा शाळेत होतो. आई आणि ताई झोपलेल्या, म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवून बाबा आणि मी मेलबर्न कसोटीचा तिसरा दिवस बघायला बसलो होतो. आदल्या दिवशी राहुल द्रविड ६८ वर नाबाद परतला होता. बाबा चहा गाळायला आत गेले आणि तेवढ्यात बेन हिल्फेनहॉसनं द्रविडचा त्रिफळा उडवला. बाबा कप घेऊन बाहेर आले, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "कालचंच दाखवतायत रे."

त्यांची चूक नव्हती. आदल्या दिवशी पीटर सिडलनंही द्रविडच्या यष्ट्या उडवल्या होत्या, पण तो नो-बॉल निघाला होता. बाबांना वाटलं, तोच रिप्ले.

तो रिप्ले नव्हता, पण पुढचा महिनाभर आम्ही तेच दृश्य पुन्हा पुन्हा बघत राहिलो. त्या मालिकेतल्या आठ डावांपैकी सहा डावांत द्रविड त्रिफळाचीत झाला. ज्या माणसाला अख्खा देश 'भिंत' म्हणत होता, त्याच्या बॅट आणि पॅडमधून चेंडू आत शिरत होता. त्याच्या एकूण धावा १९४. लक्ष्मणच्या १५५. मालिका ०-४. त्याच वर्षी उन्हाळ्यात इंग्लंडमध्येही ०-४. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषक उचललेल्या आणि कसोटी क्रमवारीत तेव्हा पहिल्या असलेल्या संघानं या दोन देशांत मिळून सलग आठ कसोटी गमावल्या.

या पडझडीची ठरलेली उत्तरं आपल्याला पाठ आहेत: आयपीएल, थकवा, दुखापती, वय. सगळी थोडीथोडी खरी आहेत. पण वय झालं की खेळ उतरतो, यात सांगण्यासारखं काही नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. इतकं ढळढळीत दिसत असताना ते कुणी बोललं का नाही?

एक कारण असं की उतरण सरळ नसते. इंग्लंडच्या त्या ०-४ च्या मालिकेत बाकीचे कोसळत असताना अडतीस वर्षांच्या द्रविडनं तीन शतकं ठोकली, ४६१ धावा केल्या. ओव्हलवर तो सलामीला गेला आणि सगळे बाद झाल्यावर नाबाद १४६ वर परत आला. नोव्हेंबरमध्ये ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडीजविरुद्ध द्रविड ११९ आणि लक्ष्मण नाबाद १७६. म्हणजे मेलबर्नच्या जेमतेम दीड महिना आधी. कुठला निवडकर्ता या दोघांना वगळून विमानात बसला असता?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला एक नाव आहे: 'फ्लेकी टेस्ट'. कोडमध्ये काहीही बदल न करता कधी पास होणारी, कधी फेल होणारी टेस्ट. ती फेल झाली की आपण काय करतो? कारण शोधत नाही, कारण शोधायला वेळ लागतो. पुन्हा रन करतो. तिसऱ्यांदा हिरवी झाली की "झालं" म्हणून पुढे जातो. लाल निकाल आपण अपघात मानतो आणि हिरवा निकाल सत्य. उतरणीला लागलेल्या महान फलंदाजाशी आपण नेमके असेच वागतो. सहा अपयशं म्हणजे 'बॅड पॅच' आणि एक शतक म्हणजे 'क्लास इज पर्मनंट'. मग अजून एक डाव. आणि अजून एक.

यावर कुणी म्हणेल, थांबल्याचा फायदाही होतो. बरोबर आहे. त्याच मालिकेत समोरच्या संघात सदतीस वर्षांचा रिकी पाँटिंग होता. मालिकेआधी त्याला निवृत्त व्हायला सांगणारे कमी नव्हते. त्यानं सिडनीत १३४ आणि ॲडलेडला २२१ केल्या, मालिकेत ५४४. म्हणजे नुसतं वय पाहून माणसाला घरी बसवणंही मूर्खपणाच. पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्यानंतर महिन्याभरात, फेब्रुवारी २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या निवड समितीनं याच पाँटिंगला एकदिवसीय संघातून काढलं. कसोटीतल्या द्विशतकाची आठवण ताजी असताना काढलं. आणि वर्षाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन डावांत २० धावा झाल्यावर त्यानं आधी जाहीर करून, पर्थला शेवटची कसोटी खेळून निरोप घेतला. तिथं कुणीतरी त्याच्याशी बोललं होतं. कटू असेल, पण बोललं होतं.

आपल्याकडे न बोलण्याची किंमत कोण मोजतं? ती राखीव खेळाडू मोजतो. २०११-१२ च्या त्या दौऱ्यावर रोहित शर्मा आणि अजिंक्य रहाणे दोघंही भारतीय संघात होते. चारही कसोटी त्यांनी बाहेर बसून पाहिल्या. ज्या एका तरुणाला मधल्या फळीत खेळवलं, त्या विराट कोहलीनं ॲडलेडला ११६ केल्या. संपूर्ण मालिकेत भारताचं ते एकमेव शतक, आणि भारतातर्फे सर्वाधिक ३०० धावाही त्याच्याच. रहाणेला पहिली कसोटी मिळायला मार्च २०१३ उजाडला. रोहितला नोव्हेंबर २०१३, तीही सचिनच्या निरोपाच्या मालिकेत. पहिल्याच डावात त्यानं १७७ केल्या. त्या धावा कदाचित दोन वर्षं आधी झाल्या असत्या, कदाचित नसत्याही. पण हे तपासून बघायची संधी आपण घेतली नाही.

आणि सचिन. इथं मी निवड समितीवर सगळं ढकलून मोकळा होऊ शकत नाही, कारण इथं दोषी आपण आहोत. मार्च २०११ मध्ये नागपूरला त्याचं नव्व्याण्णवावं शतक झालं आणि पुढचं वर्षभर आपण भारताची मॅच बघतच नव्हतो, एका आकड्याची वाट बघत होतो. समोर संघ उसवत होता आणि आपल्याला सचिन नव्वदीत गेला की नखं खायची होती. मार्च २०१२ मध्ये मीरपूरला ते शंभरावं शतक झालं. ती मॅच आपण बांगलादेशकडून हरलो. आमच्या वर्गात पेढे वाटले होते. निकालाबद्दल कुणी बोललेलं मला आठवत नाही.

कसोटीतलं त्याचं शेवटचं शतक जानेवारी २०११ मधलं, केपटाउनचं. त्यानंतर तो तेवीस कसोटी खेळला, एकही शतक नाही. या तेवीसमध्ये त्याच्या लाडक्या वानखेडेवरची नोव्हेंबर २०१२ ची कसोटीही आली, जिथं माँटी पानेसरनं त्याला दोन्ही डावांत ८ वर बाद केलं आणि इंग्लंडनं दहा गडी राखून सामना जिंकला. हे लिहिताना आजही माझा हात जड होतो. पण भक्ताचा हात जड होतो म्हणून हिशेब बदलत नाही.

तेरा वर्षांनी सगळं पुन्हा घडलं. २०२४ च्या शेवटी न्यूझीलंडनं आपल्याला घरच्या मैदानांवर ३-० नं हरवलं. मग ऑस्ट्रेलिया. कोहलीनं पर्थला नाबाद शतक केलं आणि आपण पुन्हा एकदा हिरवा निकाल बघून निर्धास्त झालो. मालिकेत तो आठ वेळा बाद झाला. आठही वेळा झेल एकतर यष्टिरक्षकाकडे नाहीतर स्लिपच्या पट्ट्यात. द्रविडच्या सहा त्रिफळ्यांसारखंच, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. रोहितच्या पाच डावांत ३१ धावा झाल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये सिडनीला भारताचा कर्णधार स्वतःच संघाबाहेर बसला. वयाच्या चोविसाव्या वर्षी याच सिडनीत त्यानं मोठ्यांना अपयशी होताना बाहेरून पाहिलं होतं. सदतिसाव्या वर्षी मोठा तोच होता, आणि पुन्हा बाहेरच बसला होता. मे महिन्यात पाच दिवसांच्या अंतरानं रोहित आणि विराट दोघंही कसोटीतून निवृत्त झाले. निरोपाचा सामना दोघांनाही मिळाला नाही.

आपण याला 'आदर' म्हणतो. मोठ्या माणसाला कसं सांगायचं? तो ठरवेल कधी थांबायचं ते. ऐकायला हे छान वाटतं. पण मला आता यात आदर कमी आणि पळवाट जास्त दिसते, आणि ती मला माझ्याच नोकरीत दिसली.

आमच्या टीममध्ये एक सिनियर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मला या कामातलं जे काही येतं, त्यातलं निम्मं त्यांनी शिकवलेलं. शेवटच्या दीडेक वर्षात त्यांचं काम घसरलं होतं. त्यांचा कोड रिव्ह्यूला माझ्याकडे यायचा. मला चुका दिसायच्या. मी काहीही न लिहिता ॲप्रूव्ह करायचो आणि रात्री गुपचूप स्वतः दुरुस्त करायचो. दादांना काय सांगायचं, असं म्हणत सगळ्यांनीच तेच केलं. मग एका शुक्रवारी पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये त्यांना कामावरून कमी केल्याचं सांगण्यात आलं. जाताना ते मला म्हणाले, "अरे, तू तरी सांगायचंस."

तेव्हापासून मला २०१२ ची ती मालिका वेगळी दिसते. द्रविडला सहाव्यांदा त्रिफळाचीत होताना पाहण्यात अपमान नाही. महान माणसाचे पाय मंदावणं ही शरमेची गोष्टच नाही. त्याला खरं सांगायला आसपास कुणी नसणं, ही शरमेची गोष्ट आहे. आणि "अजून एक डाव" हे वाक्य आपण प्रेमानं म्हणत असलो, तरी त्यानं अवघड बोलणं पुढे ढकललं जातं आणि ओझं त्या माणसाच्या एकट्याच्या खांद्यावर राहतं.

डिसेंबर २००३ मध्ये ॲडलेडला द्रविड आणि लक्ष्मणनं ३०३ धावांची भागी केली होती. द्रविड २३३, लक्ष्मण १४८. भारत ती कसोटी जिंकला आणि एका पिढीला वाटलं, आपण कुठंही जिंकू शकतो. जानेवारी २०१२ मध्ये त्याच मैदानावर दोघं शेवटची कसोटी खेळले. द्रविडनं मार्चमध्ये निवृत्ती जाहीर केली. लक्ष्मणनं ऑगस्टमध्ये, न्यूझीलंडविरुद्धच्या संघात निवड झालेली असताना.

म्हणजे ॲडलेडला ते दोघं बाद होऊन पॅव्हेलियनकडे चालत गेले, तेव्हा ही शेवटची खेप आहे हे जगाला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. द्रविड २५ वर बाद झाला तेव्हा बाबांनी रिमोट उचलला, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "चल, आवर. शाळेला उशीर होईल."