गोलिकरी खटल्याचा निकाल : एक चिकित्सा

नोकरीच्या करारातील निर्बंधांचा विचार करताना आपली पाठ्यपुस्तके एका सूत्रापाशी येऊन थांबतात. नोकरी चालू असतानाचा निर्बंध वैध, नोकरी संपल्यानंतरचा अवैध, असे ते सूत्र होय. त्याच्या पूर्वार्धास आधार म्हणून निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा निकाल दाखविला जातो. विद्यार्थी सूत्र पाठ करतात. मूळ निकाल वाचणारे थोडेच. तो वाचला असता असे दिसून येते की, ‘चालू असताना’ आणि ‘संपल्यानंतर’ यांमधील रेषा जेथे स्पष्ट हवी, नेमकी तेथेच ती पुसट झाली आहे.

खटला आपल्या शेजारच्या कल्याणचा. (वसई आणि कल्याण हे दोन्ही तालुके त्या काळी ठाणे जिल्ह्यातच होते, वसई १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेली.) कंपनीने टायरला लागणाऱ्या दोऱ्याचे तंत्र हॉलंड व पश्चिम जर्मनी येथील कंपन्यांकडून मिळविले होते, आणि ते गुप्त राखण्याची हमी आपल्या नोकरांकडूनही घेण्याचे मान्य केले होते. गोलिकरी यांनी १६ मार्च १९६३ पासून ५ वर्षांचा करार केला, डिसेंबरपर्यंत प्रशिक्षण घेतले आणि पाळीवरील पर्यवेक्षक म्हणून काम केले. ऑक्टोबर १९६४ च्या अखेरीपासून राजीनामा दिल्याचे त्यांनी कळविले. कंपनीने तो स्वीकारला नाही. तोवर ते कोटा येथील, तोच माल काढणाऱ्या कारखान्यात दरमहा ५६० रुपयांवर रुजू झाले होते. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास उरलेल्या काळात त्या धंद्यात अन्यत्र काम करावयाचे नाही, असे कराराचे १७ वे कलम होते. १५ मार्च १९६८ पर्यंत त्यांना तसल्या कामास मनाई करणारा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने कायम केला.

करार कायदा, १८७२ याचे कलम २७ अतिशय रोखठोक आहे. कायदेशीर पेशा, व्यापार वा धंदा करण्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता शून्य. व्यवसायाचा नावलौकिक विकणाऱ्यावरील निर्बंध हाच काय तो त्यात उरलेला अपवाद. निर्बंध वाजवी आहे काय, हा इंग्रजी कायद्यातील प्रश्न येथे विचारावयाचा नाही, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने १८७४ मध्येच सांगितले. न्यायमूर्ती शेलत यांनी हे कलम ओलांडले ते असे : मुदतीच्या काळात नोकर मालकाशी अनन्यपणे बांधलेला असतो, म्हणून त्या काळातील निर्बंध हा व्यापारावरील प्रतिबंधच नव्हे. युक्तिवाद सुबक आहे. परंतु मनुष्य प्रत्यक्षात निघून गेला आहे, पगार थांबला आहे, आणि मुदत मात्र कागदावर चालूच आहे. राजीनामा न स्वीकारणे मालकाच्या हाती असल्यावर ‘चालू असताना’चा काळ किती, हेही बऱ्याच अंशी त्याच्याच हाती जाते.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. १७ वे कलम फार व्यापक असल्याची तक्रार न्यायालयापुढे झाली होती. त्यावर न्यायालयाचे उत्तर असे की, मनाई मर्यादित करून देता येते, आणि येथे ती ठराविक काम व ठराविक मुदत यांपुरतीच आहे. दुसरे काम करण्यास गोलिकरी मोकळे आहेत. वादीपुरता हा न्याय ठीक. परंतु याचा अर्थ, मसुदा करणाऱ्याने वाटेल तेवढे ऐसपैस कलम लिहावे, जादा कापड न्यायालय कापून टाकील, आणि लिहिणाऱ्याचे काहीच बिघडणार नाही. जो नोकर न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या अंगावर मात्र ते कापड पूर्ण लांबीचे राहते.

आणि बहुतेक पोहोचत नाहीत. वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतील औद्योगिक गाळ्यांत काम करणारे काही विद्यार्थी सायंवर्गास येत. नेमणूकपत्र आणा म्हटले की ते संकोचाने घडी उलगडीत. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे ‘तत्सम उद्योगात’ काम करणार नाही, हे कलम त्यांत वारंवार आढळे. भाषा मोठ्या कंपन्यांची, उसनी घेतलेली. साचे घडविणाऱ्या कारागिराला तत्सम नसलेला उद्योग कोणता? शेजारच्या गाळ्यात चार पैसे अधिक मिळत असूनही एक जण केवळ त्या ओळीमुळे गेला नाही. त्याला कोणी नोटीसही दिली नव्हती.

अशा दोन वर्षांच्या कलमाचा प्रश्न १९८० मध्ये सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई या खटल्यात आला. तो निकाल सूत्राच्या उत्तरार्धाचा आधार म्हणून उद्धृत होतो. पण कलम २७ खाली असा निर्बंध शून्य ठरतो, हे विवेचन न्यायमूर्ती सेन यांचे आहे. न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी स्वतःच्या व न्यायमूर्ती उंटवालिया यांच्या वतीने तो प्रश्न मोकळा ठेवला. करारातील ‘सोडणे’ म्हणजे नोकराने आपण होऊन सोडणे, काढून टाकणे नव्हे, एवढ्यावरच त्यांनी निर्णय दिला. उत्तरार्ध पक्का झाला तो नंतरच्या निकालांनी, विशेषतः परसेप्ट डी मार्क विरुद्ध झहीर खान (२००६) याने.

मालकाची बाजू पोकळ आहे असे नव्हे. शिकविलेला माणूस सहा महिन्यांत गेला तर लहान गाळेवाल्याचे नुकसान मोठ्या गिरणीपेक्षा अधिक जाणवणारे असते. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी वाजवी रक्कम ठरविण्याचा मार्ग त्यास खुला आहे. विजया बँकेच्या खटल्यात ३ वर्षांच्या सेवेची अट व २ लाख रुपयांचे बंधपत्र सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध मानले. पैसे भरून माणूस मोकळा होतो, हा त्यातील फरक.

वर सांगितलेल्या नेमणूकपत्रांत मुदतच नसते. नोकरी कायम, आणि एक महिन्याची सूचना दिली की ती संपते. तो महिना संपताच गोलिकरी निकालातून मालकाच्या पदरात काही पडत नाही. कारखान्याची गुप्त रेखाचित्रे घेऊन जाण्यास मज्जाव राहतो. हातातील कसब घेऊन जाण्यास नाही.