कोशकार आणि संगणक

परभाषा म्हणून इंग्रजी शिकणारांसाठीं रचलेल्या कोशांत १९८७ सालीं निघालेल्या ‘कोबिल्ड’ कोशास आम्ही स्वतंत्र स्थान देतों. बर्मिंगहॅम विद्यापीठांतील प्रा. जॉन सिंक्लेअर यांनीं कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेच्या साहाय्यानें तो सिद्ध केला. पूर्वींचे कोशकारही उदाहरणें वेंचीत. पण वेंचणाराची दृष्टि विलक्षण प्रयोगांकडे वळे, नित्याचे निसटत. सिंक्लेअर यांनीं लिखित व बोलक्या इंग्रजीचे लक्षावधि शब्द संगणकांत भरले आणि एकेका शब्दाचे प्रयोग ओळीखालीं ओळ मांडून वाचले.

या वाचनाचें फळ ‘सेट इन’ या क्रियापदावरून कळेल. ‘सुरू होऊन स्थिरावणें’ एवढा अर्थ पाठ करणारा विद्यार्थी त्याचा कर्ता म्हणून आनंदही निःशंकपणें योजील. सिंक्लेअर यांस मात्र आढळलें कीं, कुजणें, निराशा अशा अनिष्ट गोष्टीच बहुधा या क्रियापदाच्या कर्त्या असतात. इंग्रज हें पाळतो, पण विचारल्यास सांगूं शकत नाहीं. आपल्या ‘ओढवणें’चें तसेंच नाहीं काय? संकट ओढवतें, मृत्यु ओढवतो. सुख कोणावर ओढवल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. एखाद्या तमिळ गृहस्थानें तसें लिहिलें तर त्यास हंसण्यापूर्वीं त्याच्या हातीं कोणता कोश होता, हें विचारावें.

कोबिल्डमध्यें अर्थ पूर्ण वाक्यांत दिले आहेत; त्यामुळें शब्द आपल्या सोबत्यांसह भेटतो. ‘जर तुम्ही’ या आरंभाच्या पुनरुक्तीनें कान विटतो खरा, पण हा दोष क्षम्य आहे. खरी उणीव निराळी. इंग्रज कसें लिहितो तें हा साठा दाखवितो. शिकणारा कोठें अडखळतो तें नाहीं. ती उणीव बेल्जममधील लूव्हें येथील प्रा. सिल्व्हियान ग्रॅंजर यांनीं ओळखली. त्यांनीं निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध जमविले. २००२ सालीं अकरा मातृभाषांच्या विद्यार्थ्यांचा सुमारें २५ लक्ष शब्दांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांत चुकांबरोबरच कोणता शब्द ते अति वापरतात व कोणता टाळतात, हेंही मोजतां येतें. शिक्षकाच्या लाल शाईस टाळलेला शब्द कधींच दिसत नाहीं.

मराठीसाठीं असें काम करणारानें सामान्यरूपापासून आरंभ करावा. ‘घोड्यास’ वाचून कोशांत ‘घोडा’ शोधावा, हें परक्यास आपोआप सुचत नाहीं. संगणकास तें शिकवितां येतें. सामग्रीची तर वाण नाहीं. २०२० च्या कायद्यानें महाराष्ट्रांत सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. गुजराती, हिंदी, तेलुगु बोलणाऱ्या घरांतील मुलें मराठी निबंध लिहितात, आणि त्या वह्या वर्षाअखेर रद्दीवाल्याकडे जातात.