दोन तुळया आणि खारं पाणी

गंजका लोखंडी ट्रेलर जाऊन ॲल्युमिनियमचा नवा आला, की लोक त्याची चकाकी पाहतात. ती थोड्याच दिवसांत राखाडी होणार असते. तिच्यात रमू नये. पाहावा तो तुळईचा आकार. अमेरिकेत मेरीलँडमध्ये, चेसापीक उपसागराच्या काठी, एका कॅटलिना २२ या शिडाच्या होडीखाली नुकताच असा ट्रेलर आला. त्याच्याभोवती फिरताना एकेका सांध्यापाशी मी थांबत गेलो.

आधी होडीबद्दल, कारण ट्रेलरचा सारा अर्थ तिच्या पोटाशी आहे. फ्रँक बटलर यांच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीची ही होडी. आजवर अशा १५,००० हून अधिक बांधल्या गेल्या. मोटारीमागे जोडावी आणि हव्या त्या पाण्यावर न्यावी, हे तिचं खरं आकर्षण. वजन टनाहून थोडं अधिक. जुन्या घडणीत त्यातले सुमारे २५० किलो एकट्या ओतीव लोखंडी कीलचे, म्हणजे तळाखालच्या जड पात्याचे. ही कील बिजागरीवर झुलते, वर ओढून घेता येते, पण रस्त्यावर ती केबलला टांगून ठेवायची नसते. ट्रेलरच्या मधल्या आधारावर टेकवायची असते. म्हणजे ट्रेलरला होडी नुसती झेलायची नाही, तिच्या मध्यरेषेवरचा भारही पेलायचा आहे.

जुना ट्रेलर चौकोनी पोकळ नळ्यांचा होता. बाहेरून रंग, आतून उघडं पोलाद. होडी पाण्यात सोडताना ट्रेलर रॅम्पवरून पाण्यात जातो, मचूळ पाणी नळ्यांमध्ये शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. लोखंडापेक्षा त्याच्या गंजाला जागा जास्त लागते. त्यामुळे पापुद्रे फुगतात, सुटतात, खालचं कोरं लोखंड पुन्हा पाण्याला उघडं पडतं. वरचा रंग जागेवर असतो आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आरपार जातो. माझ्या मते यात धातूइतकाच आकारही दोषी आहे. जे आतून दिसत नाही, धुता येत नाही, ते खाऱ्या पाण्यात न्यायचंच कशाला?

नव्या ट्रेलरने नेमकं इथे उत्तर दिलं आहे. त्याच्या दोन लांब तुळया आय-बीमच्या आहेत: वर एक पट्टी, खाली एक पट्टी, मध्ये उभी भिंत. पोकळी कुठेच नाही. पाणी येतं आणि ओघळून जातं. ॲल्युमिनियमवरही हवेने थर चढतोच, पण तो अतिशय पातळ आणि घट्ट चिकटलेला. ओरखडा उठला तर तिथे लगेच नवा धरतो.

या धातूची एक उणीव मोठी आहे. तो वजनाला पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण त्याचा ताठपणाही तेवढाच. तशीच नळी ॲल्युमिनियमची केली असती, तर भाराखाली तिप्पट वाकली असती. म्हणून तुळई उंच घेतली आहे. वरची आणि खालची पट्टी एकमेकींपासून जितकी दूर, तितकी तुळई वाकायला कठीण. धातू तिथेच ठेवला, जिथे त्याचं काम आहे. बाजूने पाहिलं की ती उंची जरा अवजड वाटते. मला मात्र ती या ट्रेलरची सर्वांत देखणी रेषा वाटली.

दुसरी उणीव सांध्यांत. ६०६१ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू टी-६ या उष्णतेच्या संस्काराने बळकट होतो आणि वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळ ते बळ बरंचसं गमावतो. म्हणून इथे मुख्य सांगाड्यात वेल्डिंग नाही, सगळे बोल्ट. ते स्टेनलेस स्टीलचे आहेत. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले, की ॲल्युमिनियम झिजतं. तरी इथे हे चालतं, कारण बोल्ट लहान आणि तुळई मोठी, झीज विस्तीर्ण पृष्ठभागावर वाटली जाते. पोलादी तुळईत ॲल्युमिनियमचे बोल्ट असते, तर ते भराभर संपले असते. ॲक्सल पोलादाचाच, पण जस्ताचा लेप दिलेला. जस्त आणि ॲल्युमिनियम यांचं बऱ्यापैकी जमतं, आणि झिजायची वेळ आली तर आधी जस्त झिजतं.

होडी ज्या फळ्यांवर बसते, तिथे मात्र मी जरा साशंक झालो. कुजू नये म्हणून तांब्याची रसायनं मुरवलेलं लाकूड वापरलं, तर ओलाव्यात ते थेट टेकलेल्या ॲल्युमिनियमला खातं. फळ्यांवरचा मऊ गालिचा उचलून पाहिलं. लाकूड आणि ते धरणारे कंस यांच्यामध्ये प्लास्टिकची पट्टी होती. बनवणाऱ्याबद्दलचा आदर तिथे वाढला.

आणि बोल्टची खरी मजा होडी चढवल्यावर कळते. ॲक्सल तुळयांना पकडींनी आवळलेला असल्यामुळे तो पुढे-मागे सरकवता येतो. एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार मोटारीच्या हुकावर यावा, असा दंडक आहे. कमी पडला तर वेगात ट्रेलर डोलू लागतो, जास्त झाला तर मोटारीची मागची बाजू दबते. होडी आणि ट्रेलर मिळून दीड टन धरले, तर हुकावर १५० ते २२५ किलो यायला हवेत. इंजिन, नांगर, पाण्याची टाकी कुठे आहे, त्यावर प्रत्येक होडीचा तोल निराळा असतो. जुन्या वेल्ड केलेल्या ट्रेलरवर होडीलाच पुढे-मागे बसवून तडजोड करावी लागे, मग कील आधारावर नीट येईना. इथे होडी कीलच्या आधाराप्रमाणे हवी तिथे बसवली, हुकाखाली वजनकाटा ठेवला, भार कमी दिसला तशी होडी उतरवून पकडी सैल केल्या आणि चाकं थोडी मागे घेतली. काटा पटला तेव्हा टॉर्क रेंचने सगळे बोल्ट आवळले. पहिल्या प्रवासानंतर ते पुन्हा एकदा तपासायचे आहेत.