निगा आणि सौंदर्य : डुकाटी ९१६ या मोटरसायकलीची एक समीक्षा

यंत्राच्या सौंदर्याचा विचार मराठी समीक्षेत अभावानेच आढळतो. मराठी नवकवितेत यंत्रयुग आले, पण ते बहुतांशी माणसाच्या यांत्रिक होण्याचे चित्र म्हणून; स्वतः यंत्र सुंदर असू शकते काय, आणि असल्यास ते सौंदर्य नेमके कोठे वसते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. प्रस्तुत लेखात १९९४ साली बाजारात आलेल्या डुकाटी ९१६ या शर्यतीच्या घडणीच्या इटालियन मोटरसायकलीचा विचार एक घडीव कृती म्हणून करावयाचा आहे. तो करताना संग्रहालयातील चकचकीत नमुना डोळ्यांसमोर न ठेवता, रत्नागिरीसारख्या खाऱ्या हवेच्या गावी तीस वर्षांची जुनी गाडी बाळगणे, चालविणे आणि दुरुस्त ठेवणे म्हणजे काय, हा संदर्भ घेतला आहे. निगा ही या यंत्राच्या सौंदर्याबाहेरची गोष्ट नसून त्या सौंदर्याचाच घटक आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्राला इटालियन दुचाकी नवी नाही. मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची लँब्रेटा, आकुर्डीत पियाजिओच्या परवान्याने बजाजने घडविलेली व्हेस्पा आणि १९७२ साली पियाजिओच्या 'चाओ' या मोपेडच्या धर्तीवर कायनेटिकने आणलेली 'लूना' यांनी मराठी मध्यमवर्गाचा संसार वाहिला. बजाजचा पियाजिओशी असलेला करार १९७१ साली संपला, तरी त्या घडणीच्या स्कूटरी पुढेही घरोघरी दिसत राहिल्या. सकाळी न सुरू होणारी स्कूटर एका कुशीवर कलती करून मग किक मारण्याचा विधी एका संपूर्ण पिढीला अवगत होता. मात्र या वाहनांचे नाते घराशी होते. डुकाटीचे नाते शर्यतीशी आहे, आणि तिच्या निगेतील बहुतेक अडचणी याच एका गोष्टीतून उद्भवतात.

प्रथम रूपाचा विचार करू. बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घाटाची मीमांसा केली. ९१६ला हे निकष आश्चर्यकारक रीतीने लागू पडतात. मासिमो तांबुरिनी या रचनाकाराने सान मारिनो येथील काजिवा संशोधन केंद्रात तिचा आराखडा सिद्ध केला. समोरचे दोन अरुंद, तिरके दिवे आणि शेपटाखाली बसविलेली धुराड्याची दोन तोंडे यांत संवाद आहे. पोलादी नळ्यांची उघडी जाळीदार चौकट आणि तिच्यावरचे गुळगुळीत, एकसंध कवच यांत विरोध आहे. मागचे चाक एकाच बाजूच्या बाहूवर पेलले असल्याने एका अंगाने ते पूर्ण उघडे दिसते; या असमतोलाला वर उचललेल्या शेपटाने आणि पुढे झुकलेल्या टाकीने तोल दिलेला आहे.

या रूपाला संपूर्ण मौलिक मानण्याचे मात्र कारण नाही. एका बाजूचा बाहू आणि आसनाखालील धुराडे ही दोन्ही वैशिष्ट्ये होंडाच्या एनआर ७५० या १९९२ सालच्या मोटरसायकलीवर आधीच अवतरली होती. तांबुरिनीचे श्रेय त्यांच्या शोधात नसून जुळणीत आहे. एनआर ७५० अवजड आणि प्रदर्शनीय वाटते. ९१६मध्ये तेच घटक अटळ वाटतात. काटेकोर लयवादी समीक्षक येथेच थांबेल.

अमेरिकेतील गुगेनहाइम संग्रहालय तेथेच थांबले होते, असे म्हणता येईल. १९९८ साली न्यूयॉर्क येथे त्या संस्थेने 'द आर्ट ऑफ द मोटरसायकल' हे प्रदर्शन भरविले, त्यात ९१६चा समावेश होता. प्रदर्शनाला एका मोटरसायकल उत्पादकाचेच अर्थसाहाय्य असल्याने त्यावर टीकाही झाली. ती टीका योग्य असली, तरी अधिक मूलभूत आक्षेप वेगळा आहे. थंड इंजिनाची, पेट्रोलविरहित, चौथऱ्यावर ठेवलेली मोटरसायकल ही मोटरसायकलीच्या आकाराची मूर्ती होय. कांटने १७९० साली स्वायत्त आणि परायत्त सौंदर्याचा भेद करताना फुलाचे सौंदर्य स्वायत्त मानले, तर इमारतीचे आणि घोड्याचे सौंदर्य परायत्त मानले. कारण घोडा कशासाठी आहे याच्या कल्पनेवाचून तो सुंदर ठरत नाही. मोटरसायकलीने घोड्याची जागा घेतली हे लक्षात घेतले, तर कांटचा दाखला येथे विशेष समर्पक ठरतो. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराला लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी दोन टोके असल्याचे आणि त्यांपैकी कोणतेही एक टोक पुरे पडत नसल्याचे दाखविले. ९१६ला चौथऱ्यावर चढविणे म्हणजे तिला एका टोकाला बांधून टाकणे होय.

दुसऱ्या टोकाकडे जाण्यासाठी कवच उतरवावे लागते. आत नव्वद अंशांच्या कोनात मांडलेले दोन सिलिंडर आहेत. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आहेत, आणि त्या 'डेस्मोड्रोमिक' पद्धतीने चालतात. सर्वसाधारण इंजिनात कॅम झडप उघडतो आणि स्प्रिंग ती मिटविते. वेग फार वाढला की स्प्रिंग मागे पडते, झडप वेळेवर मिटत नाही. डेस्मो पद्धतीत मिटविण्याचे कामही कॅम आणि रॉकर यांच्याकडेच असते. मर्सिडीजने १९५४च्या शर्यतीच्या मोटारीत ही पद्धत वापरली. फाबियो तालिओनी या अभियंत्याने ती १९५६ साली डुकाटीच्या १२५ सीसीच्या शर्यतीच्या गाडीवर आणि १९६८ साली रस्त्यावरच्या गाडीवर आणली. चार झडपांचे पाण्याने थंड होणारे रूप पुढे मासिमो बोर्दी यांनी सिद्ध केले. ते प्रथम ८५१ या मोटरसायकलीवर आले.

येथे एक अप्रिय सत्य नोंदविणे भाग आहे. १९९४ साली या पद्धतीची निकड उरलेली नव्हती. स्प्रिंगांचे पोलाद सुधारले होते आणि जपानी इंजिने साध्या स्प्रिंगांवर याहून अधिक फेरे घेत होती. ९१६ आणि तिच्या वंशजांनी १९९४, १९९५, १९९६, १९९८ आणि १९९९ या वर्षांची सुपरबाइक विश्वविजेतेपदे चालकांना मिळवून दिली हे खरे. पण त्याचे सारे श्रेय झडपांना देता येत नाही. डेस्मो ही तोवर घराण्याची गायकी झाली होती. घराणे टिकते ते रियाजावर, आणि येथील रियाज गाडीच्या मालकाच्या वाट्याला येतो.

तो रियाज असा. प्रत्येक झडपेला उघडण्याची आणि मिटण्याची अशा दोन फटी असतात. आठ झडपांच्या सोळा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असलेल्या या फटी फीलर गेजने मोजाव्या लागतात आणि ठरावीक जाडीचे शिम बदलून दुरुस्त कराव्या लागतात. मिटविणारा शिम बारीक अर्ध्या कड्यांच्या जोडीवर टेकलेला असतो. त्या कड्या दबल्या की फट बदलते. साधारण दहा हजार किलोमीटरांनी हे काम पुन्हा काढावे लागते. त्या काळातील रॉकरांवरचा कठीण क्रोमचा थर उडणे हा ज्ञात दोष आहे, म्हणून प्रत्येक वेळी रॉकरही पाहावे लागतात. कॅम फिरविणारे पट्टे रबरी आहेत. पट्टा तुटला तर झडपा पिस्टनवर आदळतात, आणि इंजिन वाचत नाही.

रूपाची समीक्षा आता वेगळी दिसू लागते. कवचाचे बिरडे पाव फेऱ्यात सुटते, एकच मोठा नट काढला की मागचे चाक हाती येते. हा सारा सोपेपणा शर्यतीच्या तंबूतील मेकॅनिकसाठी आहे. ज्या कामाची गरज गृहस्थाला खरोखर पडते ते, म्हणजे मागच्या सिलिंडरच्या झडपा तपासणे, मात्र अवघड आहे. त्यासाठी टाकी, हवेची पेटी, बॅटरी असे एकेक बाजूला करावे लागते. तांबुरिनीने चाक बदलण्याचे क्षण वाचविले आणि मालकाच्या दोन सुट्ट्या घेतल्या. कृती म्हणून ९१६वर घेण्याजोगा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे.

रत्नागिरीत या आक्षेपाला हवामानाची जोड मिळते. वर्षाकाठी येथे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांत वाऱ्याबरोबर समुद्राचे मीठ येते. जाळीदार चौकटीच्या सांध्यांशी रंगाला केसाएवढी चीर पडली, तरी गंज आत शिरतो. मागच्या चाकाचा हब बाहूमध्ये विकेंद्री बसविलेला असून तो फिरवून साखळीचा ताण साधावा लागतो. दोन्ही भाग अ‍ॅल्युमिनियमचे. वंगणाविना ठेवल्यास मिठाने त्यांच्यामध्ये पांढरी भुकटी धरते आणि हब जागीच घट्ट बसतो. रूपदृष्ट्या सर्वांत देखणा असा हा अवयव या किनाऱ्यावर सर्वांत आधी हट्टाला पेटतो. रस्त्यांचा प्रश्न आणखी निराळा. मनगटावर भार टाकून वाकण्याची बैठक आणि कडक स्प्रिंगा यांना आंबा घाटातील वळणे मानवतात. राष्ट्रीय महामार्ग ६६च्या दीर्घकाळ रखडलेल्या चौपदरीकरणातील खड्डे आणि वळणमार्ग मानवत नाहीत. गर्दीत इंजिन तापते, आणि आसनाखालून गेलेल्या धुराड्याची धग चालकाला लागते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ओल शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना बाधते. त्यामुळे पावसाळाभर अर्ध्या टाकीनिशी उभी ठेवलेली गाडी गणपतीत सुरू होईलच याची शाश्वती नसते.

तथापि खाऱ्या हवेत यंत्र टिकविण्याची विद्या रत्नागिरीला परकी नाही. मिरकरवाडा बंदरातील मासेमारी नौकांची डिझेल इंजिने याच मिठात चालतात. १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात नौका किनाऱ्याला लागतात, आणि समुद्राने बंद ठेवलेले महिने डागडुजीला मिळतात. नौकेचे इंजिन आणि डुकाटीचे इंजिन यांत साम्य फारसे नाही. साम्य आहे ते कालगणनेत. पावसाळा हा चालविण्याचा नव्हे, उघडून पाहण्याचा काळ, हे भान या बंदरात रुजलेले आहे आणि जुन्या मोटरसायकलीला तेच हवे असते. खंडेनवमीला हत्यारांची व यंत्रांची पूजा करण्याची महाराष्ट्रातील रीतही याच वृत्तीशी जोडता येईल, मात्र झेंडूच्या माळेने झडपांच्या फटी जुळत नाहीत एवढे लक्षात ठेवून.

मोटरसायकलीच्या निगेवरील साहित्यात रॉबर्ट पर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) या पुस्तकाचे स्थान अढळ आहे. त्यातील सर्वांत बोलका प्रसंग पत्र्याच्या तुकड्याचा आहे. मित्राच्या बीएमडब्ल्यूचे सैल हँडल घट्ट करण्यासाठी निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याचा शिम सुचवितो, आणि मित्र दुखावतो. मित्राला पत्र्यात डबा दिसतो, निवेदकाला शिम दिसतो. प्रसंग मार्मिक आहे, पण पर्सिग यांची मर्यादाही येथेच उघड होते. त्यांच्या निवेदकाची स्वतःची गाडी साधी, सोशीक आहे. तिचे नावही पुस्तकात येत नाही. ती विचाराचे निमित्त आहे, विचाराला अडथळा करीत नाही. ९१६च्या झडपेला कोणताही पत्रा चालत नाही. मेलिसा होलब्रुक पिअर्सन यांच्या 'द परफेक्ट व्हेइकल' (१९९७) या पुस्तकात मोटो गुझी ही विशिष्ट इटालियन मोटरसायकल आहे, तिच्यावरचा जीव आहे; त्या दृष्टीने ते प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळ येते. परंतु तेथे भर ओढीवर आहे, ओढीमागच्या कष्टांवर नाही. यंत्र सुंदर आहे आणि त्याच कारणाने छळणारेही आहे, ही गाठ दोन्ही पुस्तके सोडवीत नाहीत.

निगेची ही बाजू नजरेआड केली की धोरणातही चूक होते. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'विंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. वारसा म्हणून यंत्राची दखल घेतली गेली हे स्वागतार्ह आहे. पण अशी वाहने प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येतात. नित्याच्या वापराला मज्जाव आहे. गुगेनहाइमचा चौथरा येथे नियमाच्या रूपाने पुन्हा उभा राहतो. १९९४च्या गाडीला ही नोंदणी २०४४पूर्वी मिळू शकत नाही. तोवर ती जुनी आहे, पण वारसा नाही. या दरम्यानच्या काळातच सुटे भाग मिळेनासे होतात आणि शिम मोजणारे हात म्हातारे होतात.

हा सारा विचार सधनांच्या छंदाचे समर्थन नव्हे काय, असा आक्षेप संभवतो. तो टाळता येण्याजोगा नाही. सुट्या भागांची किंमत डॉलरांत वा युरोंत मोजली जाते आणि ज्या गावी बहुतेकांना दुचाकी कामावर जाण्यासाठी लागते, तेथे अशी गाडी ही चैनच ठरते. तरीही चैनीच्या वस्तू दोन प्रकारच्या असतात. काही विकत घेतल्या की पूर्ण होतात. ९१६ विकत घेतल्याने पूर्ण होत नाही. मालक पैसे मोजून केवळ तिच्या निगेची जबाबदारी घेतो. ती त्याने पाळली नाही तर एकदोन पावसाळ्यांतच कवचाखालचे यंत्र वेगळे होते, बाहेरून दिसणारे रूप तसेच राहिले तरी. याचा सर्वांत स्पष्ट दाखला कॅमच्या पट्ट्यांचा आहे. ते किलोमीटरांइतकेच काळानेही झिजतात, म्हणून गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलण्याचा प्रघात आहे. काचेआड उभ्या असलेल्या गाडीचे पट्टेही झिजत असतात; फक्त तेथे ते कोणी बदलत नाही.