सार्जंट कफचा पराभव

गुन्ह्याचा तपास हा विषय वाङ्मयटीकेंत आणला कीं आमच्याकडील विद्वानांच्या कपाळीं आंठी चढते. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार ज्यांनीं तरुणपणीं क्रमिक पुस्तकाच्या आड धरून वाचला, तेच गृहस्थ प्रौढ झाल्यावर त्याचें नांव काढावयास लाजतात. रहस्यकथेंत टाकाऊ माल पुष्कळ असतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु सुतावरून स्वर्ग गांठणारा, कधींच न चुकणारा डिटेक्टिव्ह म्हणजेच रहस्यकथा, अशी जी समजूत रूढ झाली आहे ती मात्र खरी नव्हे. इंग्रजींतील या जातीच्या आरंभींच्या एका श्रेष्ठ कादंबरींत डिटेक्टिव्ह चुकतो, आणि आपला मोबदला घेऊन मुकाट्यानें घरची वाट धरतो. ती कादंबरी म्हणजे विल्की कॉलिन्सची 'मूनस्टोन'. डिकन्सच्या साप्ताहिकांतून ती १८६८ सालीं क्रमशः प्रसिद्ध झाली.

कथानक बहुतेकांस ठाऊक असेल. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटींत एका इंग्रज अधिकाऱ्यानें बळकावलेला हिरा यॉर्कशायरमधील रेचेल व्हेरिंडर हिला वाढदिवशीं मिळतो व त्याच रात्रीं नाहींसा होतो. स्थानिक पोलीस अधिकारी सीग्रेव्ह नोकरांच्या पेट्या उपसतो. दाराच्या ओल्या रंगावर उमटलेला डाग त्याला क्षुल्लक वाटतो. लंडनहून आलेला सार्जंट कफ हा वाळक्या चेहऱ्याचा, गुलाबांचा शोकी गृहस्थ नेमका त्या डागापाशीं थांबतो. रंग कोणाच्या तरी वस्त्राला लागला असला पाहिजे; तें वस्त्र सांपडलें कीं काम झालें. पण वस्त्र शोधावयाचें तर घरांतील प्रत्येकाचें कपाट उघडावें लागणार, आणि रेचेल आपलें कपाट उघडूं देत नाहीं. कफ मागविलेली परटाची वही मिटून परत देतो. पाहावयाचीं तर सर्वांचीं कपाटें पाहावयाचीं, नाहीं तर कोणाचेंच नाहीं, असा त्याचा न्याय.

या परटाच्या वहीला रक्ताचा इतिहास आहे. १८६० च्या जूनअखेरीस विल्टशायरच्या सीमेवरील रोड या गांवीं सॅम्युएल केंट या कारखाने-तपासनिसाचा चार वर्षांचाहि न झालेला मुलगा रात्रीं बिछान्यांतून नाहींसा झाला. सकाळीं आवारांतील शौचकूपांत त्याचें गळा चिरलेलें प्रेत सांपडलें. घरांत पहाऱ्यास आलेल्या दोन शिपायांना यजमानांनीं रात्रीं स्वयंपाकघरांत कोंडून ठेवलें! कादंबरींत हें घातलें असतें तर वाचक लेखकास हंसले असते. सुमारें पंधरा दिवसांनीं स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर आला. पहिल्या पत्नीपासून झालेली सोळा वर्षांची कन्या कॉन्स्टन्स हिचा एक रात्रीचा झगा हिशेबांत आहे पण घरांत नाहीं, एवढा धागा त्याच्या हातीं लागला व त्यानें तिला पकडलें. झगा मिळाला नाहीं, मुलगी सुटली, आणि माळ्याच्या पोटीं जन्मलेल्या या पोलिसानें प्रतिष्ठित घरच्या कुमारिकेवर असा आळ घ्यावा म्हणून सर्वत्र गहजब झाला. १८६४ सालीं तो निवृत्त झाला. पुढच्याच वर्षीं कॉन्स्टन्सनें स्वतः मॅजिस्ट्रेटपुढें येऊन खून आपण केल्याचें सांगितलें.

येथें वाचकांनीं सनावळीकडे लक्ष द्यावें. 'मूनस्टोन' निघाली तेव्हां व्हिचरचा संशय खरा ठरून तीन वर्षें होत आलीं होतीं. तरीहि कॉलिन्सनें रक्ताचा डाग पुसून रंगाचा डाग केला, बालकाच्या जागीं हिरा ठेवला, आणि घरच्या मुलीवर संशय घेणारा कफ साफ चुकला असें दाखविलें. रेचेल निर्दोष. तिनें ज्याला हिरा उचलतांना डोळ्यांनीं पाहिलें तो तिचा प्रियकर फ्रँकलिन ब्लेक (तो तिचा मावसभाऊच, इंग्रजी घरांत हें चालतें) तोहि निर्दोष, कारण त्याला नकळत अफू पाजलेली. अखेर चोर ठरतो दुसरा एक मावसभाऊ, लोकहिताच्या सभा गाजविणारा ढोंगी गॉडफ्रे एबलव्हाइट. घराची अब्रू शाबूत राहते. आमच्या मतें हा कॉलिन्सचा भित्रेपणा होय. तो स्वतः अफूचा अर्क घेत असे, म्हणून अफूचीं तीं पानें जिवंत उतरलीं आहेत. पण त्या जिवंतपणामुळें पळवाट ती पळवाट नाहींशी होत नाहीं.

मात्र कफच्या चुकीची जात कोणती, हेंहि पाहिलें पाहिजे. रेचेलचें मौन, तिचा संताप, तिचा नकार आणि पूर्वी चोरी करून सुधारलेली मोलकरीण रोझाना हिच्या गुप्त हालचाली हीं कफनें टिपलेलीं सर्व चिन्हें खरीं आहेत. त्यांचा त्यानें लावलेला अर्थहि सुसंगत आहे, आणि तरी तो खोटा आहे. परिस्थितिजन्य पुराव्याची ही ठेंच कॉलिन्सइतक्या प्रामाणिकपणें पुढच्या रहस्यकथाकारांपैकीं फार थोड्यांनीं दाखविली आहे. त्यांच्या नायकांना चुकण्याची मुभाच नसते.

हिऱ्याच्या मागावर आलेल्या तीन हिंदी ब्राह्मणांची गोष्ट आम्हांस अधिक बोंचते. त्या रात्रीं ते गांवांत दुसरीकडे होते हें सिद्ध होतें. तरी मॅजिस्ट्रेट कायदा थोडा ताणून, उनाड भटके म्हणून, त्यांना आठवडाभर कोठडींत ठेवतो. रेचेलच्या कपाटाला कायद्याची किल्ली लागत नाहीं, आणि या तिघांना मात्र पुराव्यावांचून तुरुंग! म्हातारा कारभारी बेटरेज हें थट्टेच्या सुरांत सांगून पुढें जातो. ही थट्टा कॉलिन्सनें जाणूनबुजून त्याच्या तोंडीं घातली असावी, असें आम्हांस वाटतें.

आमच्या देशांत तपासाची अडचण आणखी एका बाजूनें येते. पोलिसापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ठरविलें. त्या माहितीवरून कांहीं वस्तु सांपडली तर तेवढ्याच भागाला अपवाद. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम त्याच्या जागीं आला, तरी हें तत्त्व कायम आहे. कोठडींतली कबुली कशी निघते, हें कायदा करणारांस पक्कें ठाऊक होतें. ज्या पोलिसाला कबुलीची चटक लागली त्याची नजर दारावरच्या डागाकडे कशाला जाईल? आमचे रहस्यकथाकारहि याच चटकेचे बळी आहेत. शेवटच्या प्रकरणांत गुन्हेगार सर्व कांहीं भडाभडा ओकतो आणि पुस्तक मिटतें. तें न्यायालयांत टिकेल काय, हा प्रश्न कोणासच पडत नाहीं. खुद्द कॉन्स्टन्सची कबुली मॅजिस्ट्रेटपुढची, स्वखुशीची. तरी तिनें सांगितलेली हकीकत प्रेतावरच्या जखमांशीं सर्वांशीं जुळली नाहीं. फांशीची शिक्षा जन्मठेपेवर आली, १८८५ त ती सुटली, आणि १९४४ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, ऑस्ट्रेलियांत वारली. तो झगा कोणासच मिळाला नाहीं.

आणि 'मूनस्टोन'मधील तपास तरी कोठें संपतो? एबलव्हाइट लंडनच्या एका खाणावळींत उशीखालीं गुदमरून मरतो. मारेकरी कोण तें कफला ठाऊक आहे, त्यांचें जहाज ठाऊक आहे, मुंबईच्या अधिकाऱ्यांस खुष्कीच्या टपालानें आगाऊ सूचनाहि जाते. पण काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वारा पडतो, जहाज खोळंबतें, आणि रात्रीं ते तिघे एका होडींत उतरून निघून जातात. मुंबई बंदराला जहाज लागतें तेव्हां त्यावर पकडण्याजोगें कोणी उरलेलें नसतें.