अपेक्षेचे माप : क्लिनिकल पोस्टिंगचे वेळापत्रक आणि लॉगबुकातील मूल्यमापन

प्रस्तावना

एम.बी.बी.एस. साठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ च्या तुकडीपासून लागू झाला. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ व २०२४ मध्ये त्याची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. विद्यार्थी किती काळ शिकला यापेक्षा तो काय करू शकतो हे पाहावे, ही या अभ्यासक्रमाची मूळ भूमिका होय. पोस्टिंगचे वेळापत्रक आणि लॉगबुक हे दोन दस्तऐवज या भूमिकेशी कितपत सुसंगत आहेत, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसराच्या संदर्भात केला आहे. विवेचनाचा रोख नियमावलीकडे आहे, कोणत्याही एका संस्थेच्या कारभाराकडे नाही.

वेळापत्रक आणि ऋतुमान

वेळापत्रक आठवड्यांत मोजले जाते. २०१९ च्या नियमावलीत दुसऱ्या टप्प्यात मेडिसिनसाठी चार आठवडे होते. परंतु आठवडे समान असले तरी अनुभव समान नसतो. खाडीकाठच्या या परिसरात पावसाळा म्हणजे मलेरिया, डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिसचा काळ. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई-ठाणे परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली, हे सर्वज्ञात आहे. ऑगस्टमध्ये मेडिसिनला आलेला गट आणि फेब्रुवारीत आलेला गट यांना भेटणारे रुग्ण भिन्न असतात. गुणदान मात्र एकाच तक्त्यावर होते. पुढील टप्प्यांत प्रत्येक गट मेडिसिनमध्ये पुन्हा येतो, हा आक्षेप रास्त आहे. तथापि गटांचा क्रम हजेरीपटानुसार दरवर्षी तोच राहिला, तर एखाद्या गटाच्या वाट्याला पावसाळा येतच नाही.

दुसरी विषमता रुग्ण कोठून येतो याची आहे. कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९९२) ठाणे महानगरपालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाशी संलग्न आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय व डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेकडे आहेत. तेथून पुढे पाठविलेला तापाचा रुग्ण कळव्याच्या वॉर्डात दिसतो तो बळावलेल्या अवस्थेत. तापाचा दुसरा-तिसरा दिवस, जेथे निदान खरोखर अवघड असते, तो मूळ ठिकाणच्या बाह्यरुग्ण विभागातच राहतो.

लॉगबुकातील तीन श्रेणी

लॉगबुकात प्रत्येक कृतीपुढे अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेनुसार आणि अपेक्षेपेक्षा अधिक अशा तीन श्रेणी आहेत. त्यानंतर शिक्षकाचा निर्णय, सही व विद्यार्थ्याला अभिप्राय मिळाल्याची नोंद. आराखडा नेटका आहे. उणीव आहे ती 'अपेक्षा' या शब्दाच्या अर्थाची. शांत वॉर्डात घेतलेला रुग्णेतिहास आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात घेतलेला रुग्णेतिहास यांना एकच श्रेणी मिळते. प्रसंग किती कठीण होता, हे नोंदविण्यास रकानाच नाही. परिणामी अपेक्षा शिक्षकागणिक बदलते आणि सही हीच क्षमतेची खूण ठरते. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडमध्ये 'माहीत आहे' पासून 'प्रत्यक्ष करतो' पर्यंत चार पायऱ्या आहेत. सही पाहून विद्यार्थी यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, हे कळत नाही.

हा प्रश्न कागदापुरता नाही. २०१९ च्या नियमावलीनुसार अंतर्गत मूल्यमापनात एकूण ५० टक्के, तसेच लेखी व प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे किमान ४० टक्के गुण मिळाल्याशिवाय विद्यापीठाच्या परीक्षेस बसता येत नसे. शिवाय 'पूर्ण' असा शेरा मिळालेला विद्यार्थी इंटर्न म्हणून रात्रपाळीला उभा राहतो, तेव्हा त्या शेऱ्याची किंमत रुग्ण मोजतो.

निष्कर्ष

नियम बदलण्याची वाट न पाहता महाविद्यालयांना तीन गोष्टी करता येतील. गटांचा क्रम प्रत्येक टप्प्यात फिरवावा. प्रत्येक कृतीची 'अपेक्षा' विभागाने दोन ओळींत लिहून ठेवावी आणि प्रसंगाची काठिण्यपातळी श्रेणीशेजारी नोंदवावी. दोन्ही महानगरपालिकांनी करार करून काही दिवसांचे पोस्टिंग कल्याण-डोंबिवलीच्या बाह्यरुग्ण विभागांत द्यावे. वेळापत्रक आखणे हे कारकुनी काम मानले जाते. वस्तुतः मूल्यमापनाचा न्याय तेथूनच सुरू होतो.