भाकीत आणि प्रेरणा : दानीएलाच्या अकराव्या अध्यायाच्या निमित्ताने

ख्रिस्ती धर्मग्रंथ ईश्वरप्रेरित आहे या विधानाच्या समर्थनार्थ जी प्रमाणे मांडली जातात, त्यांत भविष्यकथनाचे प्रमाण फार जुने आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टिर याने रोमन सम्राटास उद्देशून जो समर्थनग्रंथ लिहिला, त्यात त्याने या प्रमाणावर मोठा भर दिलेला दिसतो. युक्तिवाद साधा आहे. भविष्य मनुष्यास कळत नाही; या ग्रंथात ते अचूक सांगितले आहे; सबब ग्रंथाचा खरा वक्ता मनुष्य नव्हे.

या युक्तिवादात प्रेरणा आणि पूर्वज्ञान या दोन भिन्न कल्पना एकत्र बांधल्या गेल्या आहेत, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (३:१६) शास्त्रलेखाला ‘थेओप्न्युस्तोस’, म्हणजे देवाच्या श्वासातून आलेला, असे ग्रीक विशेषण लावले आहे. त्या वचनात पुढे शास्त्रलेखाचा उपयोग सांगितला आहे, तो शिकवण, दोषदर्शन, सुधारणा आणि सदाचाराचे वळण यांसाठी. भविष्याचा तेथे उल्लेखही नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:२१) मात्र संदेष्ट्यांचे बोलणे मानवी इच्छेतून नव्हे, तर पवित्र आत्म्याच्या प्रेरणेतून आले असे म्हटले आहे. या दोन वचनांची सांगड घालून पुढील परंपरेने प्रेरणेची कसोटी म्हणून भाकिताची सत्यता उभी केली. ही कसोटी ग्रंथाला कितपत पेलते, हे पाहावयाचे तर दानीएलाच्या ग्रंथाचा अकरावा अध्याय वाचावा. तेथे भाकीत जितके सूक्ष्म आहे तितके बायबलमध्ये अन्यत्र क्वचितच आढळेल.

ग्रंथाचे बारा अध्याय आहेत. पहिल्या सहांत बाबेलच्या दरबारातील कथा आहेत, उरलेल्या सहांत दानीएलाची दर्शने. भाषा दोन : दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनाच्या मध्यापासून सातव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत अरामी, बाकी हिब्रू. कथानकाचा काळ इ. स. पू. सहावे शतक, नबुखद्नेस्सर राजापासून कोरेशापर्यंत. अकराव्या अध्यायात एक दिव्य पुरुष दानीएलाला पुढे घडणाऱ्या गोष्टी सांगतो. इराणचे आणखी तीन राजे आणि चौथा धनाढ्य राजा एका वचनात आटोपतात. मग एक पराक्रमी राजा येतो, त्याचे राज्य चार दिशांना फुटते, आणि तेथून ‘उत्तरेचा राजा’ व ‘दक्षिणेचा राजा’ यांचे दीर्घ वर्णन सुरू होते. नाव एकाचेही घेतलेले नाही. तरीही अलेक्झांडरोत्तर इतिहास जाणणाऱ्यास प्रत्येक पात्र ओळखता येते. दक्षिणेची राजकन्या उत्तरेकडे दिली जाते, पण तिचा निभाव लागत नाही. ही दुसऱ्या टॉलेमीची कन्या बेरेनिके, इ. स. पू. २५२ च्या सुमारास तिचा विवाह दुसऱ्या अँटिओकसशी झाला व पुढे ती मारली गेली. इ. स. पू. २१७ ची राफियाची लढाई येथे आहे. तिसऱ्या अँटिओकसने आपली कन्या इजिप्तच्या राजाला दिली, तेही आहे. त्यानंतर एक तुच्छ मनुष्य कपटाने राज्य मिळवतो : हा चौथा अँटिओकस, एपिफानेस. त्याच्या दुसऱ्या इजिप्त मोहिमेत पश्चिमेकडून जहाजे येतात आणि तो खचून मागे फिरतो. इ. स. पू. १६८ मध्ये रोमचा वकील पोपिलियस लायनास याने त्याला इजिप्तमधून निघून जाण्याचा हुकूम दिला होता. मग येरुशलेमचे मंदिर भ्रष्ट होते, नित्याचा यज्ञ बंद पडतो. ही घटना इ. स. पू. १६७ ची.

येथपर्यंत सर्व बरोबर आहे. चाळिसाव्या वचनापासून मात्र काही वेगळे घडते. राजा पुन्हा इजिप्तवर चालून जाईल, तेथील सोन्यारुप्याचे भांडार त्याच्या हाती पडेल, लिबिया व कूश त्याच्या मागे येतील, आणि परतताना समुद्र व पवित्र पर्वत यांच्या दरम्यान तंबू ठोकलेला असताना त्याचा अंत होईल, असे सांगितले आहे. यांतील काहीही घडले नाही. अँटिओकस इ. स. पू. १६४ मध्ये, पॅलेस्टाइनपासून फार दूर, इराणच्या मोहिमेत मरण पावला.

पुराणांचा अभ्यास केलेल्या वाचकाला हा प्रकार नवा वाटणार नाही. विष्णुपुराणात पराशर मैत्रेयाला नंद, मौर्य, आंध्र हे राजवंश भविष्यकाळी क्रियापदांनी सांगतो. एफ. ई. पार्जिटर यांनी १९१३ मध्ये कलियुगातील या वंशावळी चिकित्सकपणे संपादित केल्या. भविष्य जेथे थांबते तेथे संकलकाचा काळ शोधावा, ही पद्धत आपल्या इतिहासकारांना तेव्हापासून परिचित आहे. त्यावरून पराशरावर कोणी फसवणुकीचा आरोप ठेवत नाही. दानीएलाच्या बाबतीत खूण याहूनही स्पष्ट आहे. येथे भविष्य नुसते थांबत नाही, ते चुकते. जी घटना लेखकाला ठाऊक आहे ती मंदिराच्या विटंबनेची, जी ठाऊक नाही ती राजाच्या मृत्यूची. ग्रंथाच्या या भागाची रचना या दोहोंच्या मध्ये, इ. स. पू. १६७ ते १६४ या अवधीत झाली, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

हा निष्कर्ष आधुनिक युरोपची निर्मिती नव्हे. तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पॉर्फिरी याने ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ पंधरा खंडांचा ग्रंथ लिहिला, त्याचा बारावा खंड दानीएलावर होता. तो ग्रंथ जाळण्याची आज्ञा ख्रिस्ती सम्राटांनी दिली, इ. स. ४४८ ची आज्ञा प्रसिद्ध आहे. तरी त्याचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचले, ते त्याच्या विरोधकामुळे. संत जेरोमने इ. स. ४०७ मध्ये दानीएलावर भाष्य लिहिताना पूर्वपक्ष म्हणून पॉर्फिरीचे मत विस्ताराने नोंदवले : या लेखकाने पुढचे सांगितले नाही, घडलेले सांगितले; अँटिओकसपर्यंतचा इतिहास खरा आहे, त्यापुढचा खोटा, कारण पुढचे त्याला ठाऊक नव्हते. जेरोमचे उत्तर असे की भाकीत इतके अचूक आहे म्हणूनच अविश्वासूंना तो इतिहास वाटतो, आणि जे जुळत नाही ते अद्याप व्हावयाचे आहे, ते ख्रिस्तविरोधकासंबंधी आहे. न जुळणारा भाग भविष्यात ढकलण्याची ही युक्ती पुढे शतकानुशतके वापरली गेली. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला की तो जाळून नष्ट होत नाही, एवढे श्रेय मात्र जेरोमला दिले पाहिजे.

परंपरावाद्यांचा मुख्य आक्षेप असा आहे की टीकाकार चमत्कार अशक्य मानूनच आरंभ करतात, म्हणून त्यांना भाकीत दिसत नाही. आक्षेप विचारार्ह आहे, पण येथे तो लागू पडत नाही. पूर्वज्ञान शक्य आहे असे वादापुरते मान्य केले, तरी ग्रंथातील अचूकपणाची वाटणी उलगडत नाही. दानीएल ज्या सहाव्या शतकात वावरला असे सांगितले जाते, नेमके तेच शतक ग्रंथात धूसर आहे. बाबेल घेणारा ‘दारयावेश मेदी’ इतिहासाला अज्ञात आहे, इ. स. पू. ५३९ मध्ये नगर पडले ते कोरेशाच्या सैन्यापुढे. बेलशस्सराचे उदाहरण बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काही टीकाकारांना हे नावच कल्पित वाटे. १८५४ मध्ये उर येथे मिळालेल्या मृत्तिकालेखांत ते सापडले आणि परंपरावाद्यांना स्वाभाविक आनंद झाला. परंतु लेखांतील बेलशस्सर हा नबोनिडसचा पुत्र आहे, नबुखद्नेस्सराचा नव्हे, आणि बापाच्या अनुपस्थितीत तो राज्य पाहत होता. म्हणजे परंपरेला नाव आठवत होते, नाते विसरले होते. काळ लोटल्यावर असेच होते. स्वतःच्या शतकाविषयी अस्पष्ट आणि सुमारे तीनशे वर्षांनंतरच्या विवाहसंबंधांविषयी बिनचूक असा साक्षीदार भेटला, तर तो कोणत्या शतकाचा हे ठरवण्यास चमत्काराचा प्रश्न उपस्थित करावा लागत नाही.

बाकीची प्रमाणे त्याला पूरक आहेत. तिसऱ्या अध्यायातील वाद्यांच्या नावांत तीन ग्रीक शब्द आहेत. हिब्रू बायबलात हा ग्रंथ संदेष्ट्यांच्या विभागात नसून ‘लेख’ या शेवटच्या विभागात आहे. इ. स. पू. १८० च्या सुमारास बेन सिराने पूर्वजांची स्तुती करताना यशया, यिर्मया, यहेज्केल आणि बारा संदेष्टे यांना स्मरले, दानीएलाला नाही. कुमरानच्या गुहांत दानीएलाची आठ हस्तलिखिते मिळाली, त्यांतील सर्वांत जुने इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरचे. एवढ्या लवकर ग्रंथ मान्य कसा झाला, असे विचारले जाते. उत्तर ग्रंथाच्या प्रयोजनातच आहे : ज्यांच्यासाठी तो लिहिला गेला त्यांना त्याची त्याच क्षणी गरज होती. आणि तो आधी कोणी पाहिला नव्हता, याची सोय बाराव्या अध्यायात केलेलीच आहे. दानीएलाला ग्रंथ अंतसमयापर्यंत मोहरबंद ठेवण्याची आज्ञा होते.

१८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत ऑक्सफर्डचे हिब्रूचे प्राध्यापक एडवर्ड प्यूसी यांनी प्रश्न एका धारेवर आणून ठेवला : हा ग्रंथ एक तर दैवी, नाही तर लबाडी, मधला मार्ग नाही. विशेष असे की १८८२ मध्ये प्यूसी वारल्यावर त्याच पीठावर आलेल्या सॅम्युएल ड्रायव्हर यांनी १९०० मधील आपल्या भाष्यात दुसऱ्या शतकाची तिथी स्वीकारली, आणि ते श्रद्धावान ख्रिस्ती धर्मगुरूच राहिले. माझ्या मते प्यूसींचे द्वैत हाच या वादातील खरा दोष आहे. प्राचीन पुरुषाच्या मुखातून वर्तमानाचे दुःख वदवणे ही त्या काळच्या ज्यू वाङ्मयातील रूढ पद्धती होती. हनोखाच्या नावावरील साहित्य तिचेच उदाहरण आहे. त्या पद्धतीला लबाडी म्हणावयाचे तर जगातील निम्मे धर्मवाङ्मय त्यात येईल.

आपलेही त्यात येईल, हे सांगणे येथे कर्तव्य आहे. अट्ठसालिनीत कथावत्थूविषयी वाद आहे. प्रतिवादी म्हणतो, हा ग्रंथ परिनिर्वाणानंतर दोनशे अठरा वर्षांनी मोग्गलिपुत्त तिस्साने रचला, मग तो बुद्धवचन कसा? अट्ठकथेचे उत्तर असे की पुढे तिस्स हा ग्रंथ विस्तारील हे जाणूनच शास्त्याने मातिका घालून ठेवली होती. नंतरच्या ग्रंथाला आद्य वक्त्याचा अधिकार मिळावा म्हणून पूर्वज्ञानाचा सेतू बांधला आहे. जेरोमच्या युक्तीहून हा प्रकार फारसा निराळा नाही. दीघनिकायातील पासादिक सुत्तात मात्र, गोतमाला भविष्याचे ज्ञान का नाही या आक्षेपाला दिलेले उत्तर केवळ एवढेच आहे की हा अखेरचा जन्म, आता पुनर्भव नाही, हे तथागताला ज्ञात आहे. राजवंशांची यादी तेथे नाही. एकाच परंपरेत हे दोन्ही सूर नांदतात.

बायबलातही दोन सूर आहेत. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात कसोटी कठोर आहे : संदेष्ट्याने सांगितलेले घडले नाही तर ते परमेश्वराचे वचन नव्हे. ही कसोटी अकराव्या अध्यायाच्या शेवटच्या सहा वचनांना लावली तर निकाल उघड आहे, आणि अशी लावणारे परंपरावादी मला आढळले नाहीत. पण योनाच्या पुस्तकात चाळीस दिवसांनी निनवे उद्ध्वस्त होईल अशी घोषणा होते, नगर पश्चात्ताप करते आणि वाचते. भाकीत खोटे ठरले म्हणून योना रागावतो; ग्रंथ त्याच्या रागाची थट्टा करतो. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात हेच तत्त्व कुंभाराच्या दृष्टांताने आले आहे. येथे संदेष्ट्याचे बोलणे म्हणजे इशारा आहे, आधी लिहिलेला इतिहास नव्हे. सहाव्या शतकात बोएथियसने ईश्वर सर्व काळ एकाच वर्तमानात पाहतो असे म्हणून पूर्वज्ञान आणि मनुष्याचे स्वातंत्र्य यांचा मेळ घातला. तात्त्विक दृष्ट्या ते उत्तर सुंदर आहे. पण कालातीत पाहणाऱ्याने इराणच्या राजांची संख्या कमी का सांगावी, याचा उलगडा त्यातून होत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मग्रंथाची सत्यता तारणाच्या हेतूशी जोडली. उलट १९७८ च्या शिकागो निवेदनाने ती इतिहासालाही लागू केली आणि ग्रंथाने स्वतःविषयी केलेला कर्तृत्वाचा दावा नाकारणारी चिकित्सा अमान्य ठरवली. हा भेद पंडिती नाही. आठव्या अध्यायातील २,३०० दिवसांची वर्षे कल्पून विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाने ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे गणित मांडले, आणि २२ ऑक्टोबर १८४४ या दिवसाची वाट हजारो साध्या माणसांनी पाहिली. कित्येकांनी त्या वर्षी शेतातील पीकही काढले नव्हते.

ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहिला गेला, त्यांची प्रतीक्षा निराळी होती. सुंता केल्याबद्दल आणि नियमशास्त्र बाळगल्याबद्दल त्यांना ठार मारले जात होते. अकराव्या अध्यायात ‘समंजस’ लोकांचा उल्लेख येतो. ते अनेकांना शिकवतात आणि तलवारीने व आगीने पडतात. लेखक बहुधा त्यांच्यापैकीच एक. मक्काबींच्या सशस्त्र उठावाला तो थोडेसे साहाय्य एवढेच म्हणतो, असे सामान्यतः समजले जाते. मेलेल्यांपैकी अनेक जण धुळीतून जागे होतील, हे हिब्रू बायबलातील पुनरुत्थानाचे सर्वांत स्पष्ट विधान त्याने याच प्रसंगी लिहिले. आणि ज्या सहा वचनांत तो चुकला, तेवढ्याच वचनांत त्याने खरोखर भविष्य सांगण्याचे धाडस केले होते. बाराव्या अध्यायाच्या शेवटी अंतापर्यंतचे दिवस प्रथम १,२९० दिले आहेत. लगेच पुढच्या वचनात १,३३५ दिवसांपर्यंत जो वाट पाहील तो धन्य, असे आहे. पहिली मुदत टळून गेल्यावर दुसरी संख्या जोडली गेली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पहिली मात्र कोणी खोडली नाही.